हिमवाटेवरील पाखरे

मराठी माणसाची आणि बर्फाची पहिली भेट होते ती बहुधा उन्हाळ्यात. उसाच्या रसाच्या पेल्यात पडणारा खडा, जत्रेतला रंगीत गोळा, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून नेलेली लादी, हे आपल्याकडील बर्फाचे रूप. त्यामुळे कारखान्यात गोठवलेल्या पाण्याला आणि आकाशातून भुरभुरत उतरणाऱ्या हिमाला आपण बोलण्यात एकच शब्द वापरतो, आणि त्यात काही अडत नाही. गढवालच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाचे मात्र यावाचून अडते. तो पडलेल्या हिमाला ‘ह्यूं’ म्हणतो आणि त्यावरूनच हिवाळ्याच्या ऋतूला ‘ह्यूंद’. ज्या ऋतूचे नावच हिमावरून पडले, त्या ऋतूत डोंगर निर्जीव होतो असे त्याला वाटत नाही. तसे वाटते ते मैदानातल्या माणसाला. पांढरा, निःशब्द, मेलेला मुलूख असे हिमाच्छादित पर्वताचे चित्र त्याने छायाचित्रांवरून मनाशी ठरवून टाकलेले असते. हे चित्र किती अपुरे आहे याचा प्रत्यय यायला फार दूर जावे लागत नाही. फेब्रुवारीतला एक स्वच्छ दिवस, पायात भक्कम जोडे, गळ्यात दुर्बीण आणि घाई न करण्याचा निश्चय, एवढी सामग्री पुरते.

अशा एका दिवसासाठी तुंगनाथची वाट फार चांगली. मंदाकिनीच्या खोऱ्यातील उखीमठहून जो रस्ता गोपेश्वरकडे जातो, त्या रस्त्यावर चोपता नावाचे लहानसे ठिकाण आहे. त्याची उंची सुमारे २,७०० मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखरावर आणखी एक हजार मीटरांचा डोंगर ठेवावा इतकी. तेथून दगडी फरसबंदीची वाट साडेतीन-चार किलोमीटरांत तुंगनाथच्या मंदिरापर्यंत चढते. पंचकेदारांपैकी हा तिसरा केदार. उंची ३,६८० मीटर. वैशाखापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत येथे यात्रेकरूंची रीघ असते. मग मंदिराची दारे बंद होतात आणि देवाची डोली खाली मक्कूमठाला जाते. देवच खाली उतरला म्हटल्यावर दुकानदार, खेचरवाले, पुजारी सारेच उतरतात. भर हिवाळ्यात चोपत्याच्या अलीकडे रस्ताही हिमाखाली जातो, आणि मग दुगलबिट्ट्यापासूनच पायी निघावे लागते. या प्रदेशाचा मोठा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात मोडतो. ९७५ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य १९७२ साली कस्तुरीमृगाच्या रक्षणासाठी स्थापन झाले.

वर चढण्यापूर्वीच, खालच्या उघड्या, उन्हाच्या, गवताळ उतारांवर मराठी वाचकाचा एक जुना परिचित भेटण्याचा संभव असतो. तो म्हणजे चकोर. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरद ऋतूतील चांदण्याचे कोवळे अमृतकण वेचणारी चकोराची पिले आली आहेत, आणि तेव्हापासून सात शतके हा पक्षी मराठी मनात राहिला आहे. महाराष्ट्रात मात्र तो नाही. ज्या पक्ष्याला आज चकोर म्हणून ओळखतात, तो तित्तिराच्या कुळातला, राखी अंगाचा, लाल चोचीचा आणि कुशीवर काळे-तांबूस पट्टे मिरवणारा गुबगुबीत पक्षी आहे. तो हिमालयाच्या खडकाळ उतारांवर थव्याने चरतो आणि चांदण्याऐवजी बी-बियाणे, कोवळे कोंब आणि किडे खातो. माणसाची चाहूल लागली की उडण्याऐवजी चढावर धावत सुटतो आणि आपलेच नाव पुन्हा पुन्हा उच्चारल्यासारखा ओरडतो. हे पाहून कवितेतला चकोर उणा होत नाही. उलट, ज्याच्याविषयी इतके ऐकले त्याला चालता-बोलता पाहिल्याचा आनंद काही निराळाच असतो.

हिमावर चालायचे तर पहाटे निघावे हे पहाडी लोकांचे सांगणे अनुभवाचे आहे. रात्रीच्या थंडीने वरचा थर कडक झालेला असतो आणि पाऊल आत रुतत नाही. दुपार कलू लागली की तोच थर भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत खाली जातो आणि एक किलोमीटर तीन किलोमीटरांसारखा वाटतो. सावलीतल्या फरसबंदीवर पाणी गोठून काचेसारखा बर्फ झालेला असतो. तेथे जोड्यांना लोखंडी दाते लावल्याशिवाय धीटपणा दाखवू नये. काळा चष्मा हा तर चैनीचा विषय नव्हेच. ताजे हिम पडणारा बहुतेक सारा प्रकाश परत फेकते, आणि उघड्या डोळ्यांनी दिवसभर चालणाऱ्याची दृष्टी संध्याकाळी दुखून येते, कधी काही काळ जातेही. ही सर्व तयारी करून निघालेल्याला पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. तिचेही कारण आहे. ताज्या हिमात दहा भागांपैकी नऊ भाग हवाच असते. या असंख्य पोकळ्यांत ध्वनी शोषला जातो. म्हणून हिमात पक्ष्याचा लहानसा शब्दही एकटा आणि स्पष्ट ऐकू येतो. पक्षी शोधणाऱ्याने येथे डोळ्यांआधी कान वापरावेत.

पहिला शब्द बहुधा ओढ्यावरून येतो. काठाचे दगड हिमाच्या टोप्या घालून बसलेले असतात, कडेला बर्फाच्या झालरी लोंबत असतात, आणि मधल्या वाहत्या धारेत एका दगडावर तपकिरी रंगाचा, आखूड शेपटीचा, साळुंकीहून थोडा लहान पक्षी गुडघे वाकवून सतत उठाबशा काढीत असतो. हा डिपर. पाहता पाहता तो सरळ पाण्यात चालत जातो आणि दिसेनासा होतो. प्रथम पाहणाऱ्याला तो वाहून गेला असेच वाटते. काही क्षणांनी तो प्रवाहाच्या वरच्या बाजूस पुन्हा दगडावर उभा असतो आणि त्याच्या चोचीत पाण्यातल्या किड्याची अळी असते. पाण्याखाली तो पंखांनी वल्ह्यासारखे काम घेतो आणि तळाच्या दगडांना धरून चालतो. शेपटीजवळच्या तेलग्रंथी मोठ्या असल्यामुळे त्याची दाट पिसे भिजत नाहीत. खळाळते पाणी सहसा गोठत नाही, त्यामुळे आसपासचे सारे अन्न हिमाखाली गेले तरी याचे कोठार उघडेच असते. म्हणूनच की काय, भर हिवाळ्यात, इतर पक्षी मुके असताना, हा गातो. त्याच दगडांवर पांढऱ्या टोपीचा, तांबड्या पोटाचा थिरथिरा शेपटी हलवीत बसलेला दिसतो; परंतु गाण्याचा मान डिपरचाच.

ओढा मागे पडला की खरसूचे जंगल लागते. खरसू हा सदाहरित ओक. त्याच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड गालिचे आणि त्यांवर हिमाचे थर. मध्ये मध्ये बुरांशाची झाडे आणि वर काळपट हिरवी फरची झाडे. अर्धा तास चालावे आणि एकही पक्षी दिसू नये, असे येथे खुशाल घडते. मग एकाएकी डोक्यावर बारीक चिवचिव सुरू होते, हिमाचा भुगा खाली सांडू लागतो आणि पाहावे त्या फांदीवर काही तरी हलताना दिसते. हिवाळ्यात लहान पक्षी एकेकटे हिंडत नाहीत. वल्गुलींच्या तीन-चार जाती, खोडाला चिकटून वर सरकणारा ट्रीक्रीपर, खोडावरून डोके खाली करून उतरणारा शिलींध्री, एखादा सुतार, आणि सर्वांत लहान तो माथ्यावर सोनेरी रेघ असलेला गोल्डक्रेस्ट, असा मिश्र काफिला जंगलातून फिरत असतो. अन्न जागोजागी विखुरलेले आणि तुटपुंजे असते. ससाण्याची भीती सदैव असते. अनेक डोळे एकत्र असले की एकाला टेहळणीसाठी कमी वेळ द्यावा लागतो आणि खाण्यासाठी अधिक मिळतो. शिवाय प्रत्येकाची शिकारीची जागा वेगळी आहे. कोणी फांदीचे टोक पाहतो, कोणी सालीच्या भेगा, कोणी शेवाळाच्या खाली. दहा मिनिटांत काफिला निघून जातो आणि जंगल पुन्हा मुके होते.

गोल्डक्रेस्टविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. या पक्ष्याचे वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या एक-दोन नाण्यांएवढे. शरीराची उष्णता मात्र चाळीस अंशांच्या आसपास, माणसापेक्षा अधिक. बाहेर उणे दहा अंश थंडी असली तर या सुपारीएवढ्या देहाला भोवतालच्या हवेपेक्षा पन्नास अंश अधिक तापमान राखावे लागते, आणि तेही हिवाळ्यातील तेरा-चौदा तासांची लांब रात्र उपाशीपोटी काढून. देह जितका लहान तितकी उष्णता लवकर निसटते, हा निसर्गाचा नियम त्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. त्याचा उपाय साधा आणि कठोर आहे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खात राहायचे. या जातीवर झालेल्या निरीक्षणांत असे दिसले आहे की, एका थंड रात्रीत त्याच्या वजनाचा पाचवा भाग खर्च होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी तो भरून काढता आला नाही, तर तिसरा दिवस उगवत नाही. रात्री हे पक्षी दाट फांदीत एकमेकांना चिकटून गोळा होतात, पिसे फुलवतात आणि त्यांत कोंडलेल्या हवेची दुलई पांघरतात. वल्गुली तर रात्रीपुरते शरीराचे तापमानच काही अंशांनी खाली आणतात, जणू घरातला दिवा मंद करावा तसे. हिमात उघड्या पायांनी हे पक्षी कसे बसतात याचेही नवल वाटते. पायात खाली जाणारे ऊन रक्त आणि वर येणारे गार रक्त यांच्या नलिका शेजारून जातात. उष्णता तेथल्या तेथे एकातून दुसरीत उतरते, आणि पाय जवळजवळ गोठणबिंदूइतका थंड राहूनही शरीराची ऊब बाहेर जात नाही.

वाटेच्या कडेचे हिम वाचायला शिकले तर चालण्याची गोडी दुणावते. तीन बोटे पुढे, एक मागे, पावले एका रेषेत पडलेली. ही कुणा तित्तिरकुलीनाची. कोल्ह्याची पावले सरळ दोरी ओढल्यासारखी. जोडीजोडीने पडलेले ठसे मार्टेनचे, कारण तो चालत नाही, उड्या मारतो. कुठे एखाद्या छोट्या प्राण्याचा माग हिमावर सुरू होऊन मध्येच संपलेला असतो आणि शेवटच्या ठशाच्या दोन्ही बाजूंना पंखांच्या पिसांची नक्षी उमटलेली असते. ती गोष्ट कुणी सांगावी लागत नाही. दगडांच्या राशींत बिनशेपटीच्या उंदरासारखा दिसणारा, पण सशाच्या नात्यातला पिका राहतो. तो हिवाळ्यात झोपी जात नाही. वर हिमाची जाड दुलई असली म्हणजे खालच्या दगडांतली थंडी गोठणबिंदूच्या फारशी खाली जात नाही, आणि वर वादळ घोंगावत असताना तो आत सुखाने वावरतो. हिम हे थंडीचे कारण आहे असे आपण समजतो. या प्राण्यांना विचारले तर ते त्याला पांघरूण म्हणतील.

फरच्या शेंड्यावर बसून खरखरीत आवाजात ओरडणारा, ठिपक्याठिपक्यांचा, कावळ्याच्या कुळातला नटक्रॅकर हा या जंगलाचा साठेबाज. शरद ऋतूत सूचिपर्णी वृक्षांच्या बिया तो शेकडो ठिकाणी जमिनीत पुरून ठेवतो. त्याच्या कुळावर युरोप-अमेरिकेत झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हे पक्षी आसपासच्या दगड-झाडांच्या खुणांवरून साठ्याची जागा स्मरणात ठेवतात आणि जाड हिमातूनही नेमके तेथेच खणतात. काही साठे तरीही राहून जातात, आणि त्यांतून रोपे उगवतात. साठेबाजाकडून समाजाचे हित झाल्याचे उदाहरण माणसांत शोधायला वेळ लागेल.

सूर्य वर येतो, झाडी विरळ होते आणि बुग्याल म्हणजे उंचावरची कुरणे सुरू होतात. या सीमेवरच पर्वताचा खरा मानकरी भेटतो. प्रथम तो ऐकू येतो. रानाच्या काठावरून एक उंच, घंटेसारखी खणखणीत शीळ. मग पांढऱ्या उतारावर एक काळा ठिपका. दुर्बीण लावली तरी तो काळाच, कारण तो सावलीत असतो. तो दोन पावले चालून उन्हात येतो मात्र, आणि पाहणाऱ्याच्या तोंडून शब्द निघत नाही. डोके हिरव्या धातूचे, त्यावर मोराच्या तुऱ्यासारखा तुरा. मान तांब्याच्या भांड्यासारखी झळकणारी. पाठ जांभळी, निळी, हिरवी, जशी तो मान वळवील तशी. शेपटी दालचिनीच्या रंगाची. हा मोनाळ नर. उत्तराखंडाचा हा राज्यपक्षी आणि नेपाळचा राष्ट्रीय पक्षी. तेथे त्याला डाँफे म्हणतात. हे रंग बव्हंशी रंगद्रव्याचे नव्हेत. पिसांच्या सूक्ष्म थरांवर प्रकाश विभागला जाऊन ते उमटतात, म्हणून ऊन नसेल तर तोही नाही. मादी तपकिरी, ठिपक्यांची, गळ्याला पांढरी. अंडी उबवणाऱ्याला भपका परवडत नाही.

हा दोन किलो वजनाचा पक्षी हिमात काय खातो, हे पाहण्यासारखे असते. कोंबडी पायांनी उकरते. मोनाळ चोचीने खणतो. त्याची वरची चोच पुढे वाकलेली, कुदळीसारखी मजबूत असते. हिम बाजूला सारून खालच्या मातीतून तो कंद, मुळे आणि किड्यांच्या अळ्या काढतो. खणता खणता त्याचे डोके खड्ड्यात दिसेनासे होते आणि वर फक्त शेपटी हलत राहते. दर थोड्या वेळाने तो डोके वर काढून आसपास पाहतो. हिमाचा पांढरा ठिपका तुऱ्यावर तसाच असतो. हिवाळा कडक झाला की मोनाळ हजारभर मीटर खाली जंगलात उतरतात. दक्षिणेकडे शेकडो कोस उडून जाणाऱ्या पक्ष्यांइतकीच ही स्थलांतराची रीत आहे, फक्त ती उभी आहे. दर एक हजार मीटरांना हवा सुमारे सहा अंशांनी बदलते. तेव्हा पर्वतावर एक सकाळ खाली उतरणे म्हणजे मैदानात कित्येक दिवसांचा प्रवास करण्यासारखे आहे.

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात एक जुनी कथा दडली आहे. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एलिजा इम्पी यांची पत्नी मेरी हिला पशुपक्षी पाळण्याचा छंद होता. १७७७ पासून पुढची काही वर्षे तिने आपल्या संग्रहातील प्राण्यांची चित्रे पाटण्याहून आलेल्या शेख झैनुद्दीन, भवानीदास आणि रामदास या चित्रकारांकडून काढून घेतली. मोगल लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेला त्यांचा हात पक्ष्याचे एकेक पीस जिवंत करी. मोनाळला ‘इम्पेजानस’ हे नाव मिळाले ते या बाईंच्या आडनावावरून. चित्रकारांची नावे कोणत्याही पाखराला मिळाली नाहीत.

सौंदर्य हे मोनाळच्या जिवावरही उठले. हिमाचल प्रदेशात त्याचा तुरा टोपीत खोवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई, आणि लग्नसमारंभात अशा टोप्या मिरवत. एका टोपीमागे एक नर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार निषिद्ध केली आणि हळूहळू नकली तुरे आले. कायदा वेळेवर आला असे म्हणायचे ते एवढ्यासाठी की, त्याच पहाडात वेळ निघून गेल्याचेही उदाहरण आहे. मसुरी आणि नैनितालच्या उतारांवर, उंच गवतात, पर्वती लावा नावाचा एक छोटा पक्षी राहत असे; नर सावळा, कपाळ पांढरे, चोच आणि पाय लाल. त्याचा शेवटचा खात्रीलायक नमुना १८७६ साली नैनितालजवळ बंदुकीने टिपला गेला. त्यानंतर दीडशे वर्षांत कित्येकांनी शोध घेतला, गवताचे उतार पालथे घातले. निश्चित असा पुरावा एकही मिळाला नाही. जगातील संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे डझनभर नमुने आहेत. तुंगनाथच्या वाटेवर गवतातून काही फडफडले की जाणकाराच्या काळजात जे क्षणभर हलते, ते या पाखरामुळे.

मंदिराच्या अलीकडे झाडे संपतात. शेवटी राहते ते सिमरूचे, म्हणजे ठेंगण्या बुरांशाचे, झुडूप. कडक थंडीत त्याची पाने विडीसारखी गुंडाळून खाली लोंबतात. ऊन चढले आणि हवा निवळली की ती उघडू लागतात. पानांकडे पाहून थंडीचा अंदाज बांधता येतो. वर, अर्धे हिमात बुडालेले मंदिर आणि दुकानांच्या कुलूपबंद झोपड्या. येथे माणूस नाही. पण वाऱ्याने उघड्या पडलेल्या दगडांवर चिमणीएवढे राखी-तपकिरी पक्षी गुपचूप दाणे टिपीत असतात. हे अल्ताय ॲक्सेंटर. यांचे घर मध्य आशियात, तिएनशान आणि अल्ताय पर्वतांत. हिवाळ्याला कंटाळून ते दक्षिणेकडे निघाले आणि या उबदार प्रदेशात, म्हणजे हिमालयात, येऊन थांबले. ऊब ही गोष्ट किती सापेक्ष आहे!

वाऱ्यावर पिवळ्या चोचीच्या काळ्या चफ पक्ष्यांचा थवा खेळत असतो. कावळ्याच्या या पहाडी भाऊबंदाला एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागोमाग आठ हजार मीटरांच्याही वर गेलेले पाहिले आहे. येथे तो यात्रेकरूने न्याहारी सोडण्याची वाट पाहतो. त्याहून वर, चौखंबाच्या ७,१३८ मीटर उंच भिंतीसमोर, दाढीवाले गिधाड पंख न हलवता जाते. पंखांचा विस्तार अडीच मीटरांहून अधिक, शेपटी पाचरीसारखी, छाती तांबूस. इतरांनी सोडलेली हाडे हेच त्याचे मुख्य अन्न. मोठे हाड असले तर ते उंच नेऊन खडकावर टाकते आणि फुटलेले तुकडे गिळते. त्याच्या जठरातील तीव्र आम्लात ते विरघळतात. हिमकड्यावरून कोसळून मेलेला थार किंवा भरल त्याला वसंतापर्यंत पुरतो. त्याच्या संगतीला हिमालयी गिधाडेही असतात. हे दृश्य पाहणाऱ्या मराठी माणसाला आपल्याकडचे मोकळे आकाश आठवल्यावाचून राहत नाही. गावाबाहेरच्या मेलेल्या ढोरावर गिधाडांची झुंबड हे महाराष्ट्रात एके काळी रोजचे दृश्य होते. १९९० नंतर दहा-पंधरा वर्षांत भारतातील तीन जातींची गिधाडे शंभरात नव्वदांहून अधिक नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यांच्या मूत्रपिंडांना विष ठरते, हे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि २००६ साली त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. तोवर बहुतेक आकाश रिकामे झाले होते.

हिमालयातील पाखरांची ओळख सामान्य वाचकाला सोप्या भाषेत करून दिली ती एका मुंबईकराने. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींचे ‘इंडियन हिल बर्ड्स’ १९४९ साली निघाले. ज्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत त्यांचे आयुष्य गेले, ती मुंबईत १८८३ साली स्थापन झाली. मराठीत मात्र या पहाडी पक्ष्यांना घरोघरी रूढ झालेली नावे नाहीत, आणि ते साहजिक आहे. जे अंगणात येत नाही त्याला नाव कोण देणार? संस्कृतातून घडवलेली नावे कोशात शोभतात, पण थंडीने बधिर झालेल्या ओठांतून ती उमटत नाहीत. त्यापेक्षा गढवाली माणसाचे ‘मोनाळ’ बरे.

या डोंगरांतले हिम आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिलेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये पश्चिम हिमालय जवळजवळ कोरडा गेला. गुलमर्गसारख्या ठिकाणी महिन्याचा बराच काळ हिमच नव्हते, आणि गढवालचे उतारही तपकिरी राहिले. हिम पडले नाही तर पर्यटकाची निराशा होते. पिकाच्या डोक्यावरचे पांघरूण जाते, आणि उन्हाळ्यात हळूहळू पाझरणारे पाणीही. याच काळात हिवाळी पर्यटकांची संख्या मात्र वाढली. तरुण मंडळी मोठ्या संख्येने वर येतात, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु खांद्यावरच्या पेटीतून कर्णकर्कश गाणी वाजवीत जाणारी टोळी आणि चित्र नीट यावे म्हणून मोनाळच्या मागे उतारावर धावणारा हौशी, यांना त्या पक्ष्याच्या जमाखर्चाची कल्पना नसते. दोन किलोचा पक्षी जिवाच्या भयाने दरीत झेप घेतो आणि पुन्हा पायी चढून त्याच जागी येतो. सकाळभर खणून मिळवलेले त्यात खर्चून जाते. पाच ग्रॅमच्या पाखराचे तर बोलायलाच नको. अनुभवी वाटाड्ये म्हणूनच लांबूनच बसायला सांगतात. दगडाला पाठ लावून अर्धा तास हलले नाही, तर मोनाळ स्वतःच चरत चरत जवळ येतो. धावून मिळत नाही ते बसून मिळते, पण बसायला थंडीत धीर लागतो.

दोन वाजले की परतावे. चंद्रशिलेच्या माथ्यावरून नंदादेवी, त्रिशूळ, केदारनाथ दिसतात म्हणून कोणी आणखी चढू म्हणेल. पश्चिमेकडून ढग येत असतील तर ऐकू नये. उतरताना हिम मऊ झालेले असते आणि झाडांवरून त्याचे गठ्ठे धप्प धप्प पडत असतात. खालच्या शेतांच्या दिशेने हिमकपोतांचा थवा वळण घेतो; वळताना त्यांची पांढरी पोटे एकदम चमकतात आणि मागच्या डोंगराच्या पांढऱ्या रंगात सारा थवा लुप्त होतो. चार वाजता खरसूच्या रानात सावली दाटते. सकाळचा मिश्र काफिला पुन्हा कानावर येतो, पण आता आवाजात घाई असते. एकेक वल्गुली जुन्या खोडातल्या भोकात शिरते, बाहेर डोकावते, पुन्हा शिरते.

त्याच संध्याकाळी, तेथून हजार-दीड हजार किलोमीटर दक्षिणेला, पुण्या-सोलापुरातल्या एखाद्या कुंपणाच्या भिंतीवर थिरथिरा आपली तांबडी शेपटी थरथरवीत बसलेला असतो, आणि सह्याद्रीच्या ओढ्यात करडा धोबी दगडांवरून धावत असतो. ही दोन्ही पाखरे हिमालयात आणि त्याच्याही पलीकडच्या उंच मुलखांत घरटी करणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती आली. अंगणातल्या कुणाच्या लक्षातही येणार नाही अशा एखाद्या रात्री, मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलात, ती निघून जातील. आणि तेव्हा तुंगनाथच्या खालच्या उतारांवर बुरांश लाल फुललेला असेल.